मौलवीचा डबा

आमच्या घरची बारी मंगळवारची. त्या दिवशी मशिदीतल्या मौलवीसाहेबांचं दोन्ही वेळचं जेवण आमच्याकडून जायचं. बुधवार शेजारच्यांचा, गुरुवार त्यांच्या पलीकडच्यांचा, असा अख्खा आठवडा वाटून घेतलेला. रायगड जिल्ह्यातलं खाडीकाठचं गाव, कोकणी मुसलमानांची जेमतेम साठ घरं, आणि त्यांतल्या बहुतेक घरांतला कर्ता पुरुष कुवेतला, दम्मामला नाहीतर जहाजावर. मौलवी मात्र बिहारमधल्या किशनगंजचे. आमची माणसं पोटासाठी समुद्रापलीकडे गेलेली, आणि मागे उरलेल्या गावात नमाज पढवायला हा माणूस पोटासाठीच अर्धा देश ओलांडून आलेला. नारळाच्या वाटणातलं मासळीचं सालन त्यांच्या घशाखाली उतरत नाही, काटे काढताना त्यांची त्रेधा उडते, हे आईला परत आलेल्या डब्यावरून कळलं. मग ती मंगळवारी त्यांच्यापुरत्या चपात्या लाटायला लागली.

डबा पोचवायचं काम माझं. वजूच्या हौदाला लागून त्यांचा हुजरा, म्हणजे राहायची खोली, होता. आत एक खाट, पत्र्याची ट्रंक, भिंतीवर नमाजाच्या वेळांचा तक्ता. पगार १८०० रुपये. हे १९९० च्या दशकातलं. बायकोमुलं गावाकडे, रमजान ईद आटोपली की वर्षातून एकदा महिनाभर जाऊन यायचे.

एका जुम्याला, म्हणजे शुक्रवारी, त्यांनी बयानात, म्हणजे प्रवचनात, वारशाची आयत घेतली. सूरह निसामधली. मुलाच्या निम्मा का होईना, पण मुलीचा हिस्सा ठरलेला आहे आणि तो द्यावाच लागतो, एवढंच तिचं सांगणं. आमच्याकडे बहिणींना तहसील कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घ्यायची रीत. तिला कुणी पाप म्हणत नाही, 'बहिणीनं खुशीनं सोडलं' म्हणतात. मौलवींनी 'खुशीनं' या शब्दावर जरा जास्त वेळ घालवला. महिन्याभरात मशिदीच्या कमिटीतली दोन माणसं हुजऱ्यात गेली आणि म्हणाली, मौलाना, बरेच दिवस घरी गेला नाहीत, जरा जाऊन या. ते गेले. परत या म्हणून निरोप काही गेला नाही. पुढच्या रमजानच्या आत नवे मौलवी आले. त्या कमिटीत माझे वडील होते.

युरोपात इमामांवरून गेली दहा वर्षं जो काथ्याकूट चालला आहे तो वाचताना मला दर वेळी हा हुजरा आठवतो. तिथली सरकारं विचारतात, इमाम कुठून आला, कोणती भाषा बोलतो, कोणत्या मदरशात शिकला. प्रश्न रास्त आहेत. पण त्याचा पगार कोण देतं आणि तो उद्या सकाळी कुणाच्या मर्जीनं घरी जाऊ शकतो, हे विचारल्याशिवाय बाकीच्या उत्तरांना काही अर्थ नाही, असं माझं म्हणणं आहे. स्थलांतरितांच्या वस्तीतला इमाम हा बहुधा त्या वस्तीतला सगळ्यांत असुरक्षित नोकर असतो. त्याच्याकडून मात्र आपण धाडसाची अपेक्षा करतो.

जर्मनीचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीनं तुर्कस्तानाशी कामगार-भरतीचा करार केला. माणसं आली ती 'पाहुणे कामगार' म्हणून, कारखान्यांच्या वसतिगृहांत राहायला. पाहुण्याला इमाम लागत नाही. तो स्वतःच कोपऱ्यात चटई टाकतो. बायका आल्या, मुलं शाळेत जायला लागली, पहिली-दुसरी मयत झाली, तेव्हा इमाम लागला. मागच्या अंगणातल्या गोदामांत मशिदी निघाल्या. १९८४ मध्ये कोलोनला 'डिटिब' ही संघटना उभी राहिली आणि आज तिच्याकडे नऊशेच्या आसपास मशिदी आहेत. तिथले इमाम दशकानुदशकं अंकाराहून येत राहिले. 'दियानेत' या तुर्की धर्मखात्याचे ते सरकारी नोकर. पगार तिकडच्या तिजोरीतून, चार-पाच वर्षांची नेमणूक, मग बदली. आपल्याकडे तलाठ्याची बदली होते तशी. जर्मन शिकेपर्यंत परतीची वेळ झालेली. जर्मन सरकारलाही ही सोय फार काळ गोडच लागली होती, हे विसरू नये. खर्च नाही, डोक्याला ताप नाही, आणि तेव्हाचा तुर्कस्तान धर्माला मुठीत ठेवणारा.

मग जुलै २०१६ मध्ये तुर्कस्तानात बंडाचा प्रयत्न झाला. सरकारनं ज्यांच्यावर ठपका ठेवला त्या धर्मगुरू गुलेनच्या अनुयायांची धरपकड सुरू झाली, आणि जर्मनीतल्या काही इमामांनी आपल्याच मशिदींत येणाऱ्या गुलेनवाद्यांची माहिती तुर्कस्तानला पुरवल्याचं बाहेर आलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये पोलिसांनी काही इमामांच्या घरांच्या झडत्या घेतल्या. वर्षअखेरीला तपास आरोपपत्राशिवाय बंद झाला. संशयितांपैकी काही जण आधीच मायदेशी गेले होते. त्या इमामांचं समर्थन मी करत नाही. ज्यानं आपल्यामागे सजद्यात कपाळ टेकवलं त्याचं नाव दूतावासाच्या फायलीत घालणं यापरती हरामखोरी नाही. पण त्यांच्या जागी मी माझे किशनगंजचे मौलवी ठेवून पाहते. वरून लेखी फर्मान आलंय, पगार वरून येतो, परतल्यावर नोकरी तिथंच करायची आहे, मुलं तिथल्या शाळेत आहेत. नाही म्हणायचं बळ त्यानं कुठून आणायचं?

डिसेंबर २०२३ मध्ये जर्मनीनं तुर्कस्तान आणि डिटिबशी बोलून ठरवलं, की अंकाराहून येणारे इमाम टप्प्याटप्प्यानं बंद होतील आणि वर्षाला शंभर इमाम जर्मनीतच तयार केले जातील. त्याआधी २०२१ मध्ये ओस्नाब्रुक शहरात जर्मन भाषेतून इमाम घडवणारी संस्था सरकारी मदतीनं सुरू झालीच होती. चांगलं झालं. पण शिकून बाहेर पडलेल्या मुलाला नोकरी देणार कोण? सदस्यांच्या वर्गणीवर चालणारी मशीद? चर्चला जर्मनीत करातून पैसा मिळतो. मशिदींच्या या संघटनांना तो दर्जा नाही. अंकाराचा फुकट इमाम गेला, तर त्या जागी पगारी जर्मन इमाम ठेवणं बहुतेक मशिदींना परवडण्यातलं नाही. पदविका हातात घेऊन तो मुलगा शाळेत शिक्षक होईल, नाहीतर तुरुंगात समुपदेशक, आणि मशिदीत पुन्हा कुणी तरी स्वस्तातला येईल.

फ्रान्समध्ये तर याची गंमतच आहे. १८ फेब्रुवारी २०२० रोजी राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांनी परदेशी सरकारांनी धाडलेले इमाम बंद करण्याची घोषणा केली. तुर्कस्तान, अल्जीरिया, मोरोक्को या तीन देशांचे मिळून ते तीनशेच्या आसपास होते. १ जानेवारी २०२४ पासून नवे येणं थांबलं. घोषणेचं कारण स्पष्ट होतं. फ्रेंच प्रजासत्ताकात धर्मोपदेशक परक्या सरकारचा नोकर असता कामा नये. मला हे तत्त्व शंभर टक्के मान्य आहे. पण ही घोषणा झाली कुठे, तर मुलूझमध्ये. मुलूझ आल्सास प्रांतात येतं. १९०५ मध्ये फ्रान्सनं धर्म आणि राज्य वेगळं केलं तेव्हा आल्सास आणि मोझेल जर्मनीच्या ताब्यात होते, त्यामुळे तिथं नेपोलियनच्या काळची व्यवस्था आजही चालू आहे. कॅथलिक पाद्री, दोन पंथांचे प्रोटेस्टंट पास्टर आणि ज्यू रब्बाय यांना तिथं चक्क फ्रेंच सरकार पगार देतं. इमामाला देत नाही, कारण त्या व्यवस्थेची यादी झाली तेव्हा फ्रान्समध्ये मुसलमान वस्ती म्हणावी अशी नव्हती. म्हणजे ज्या गावात उभं राहून राष्ट्राध्यक्ष म्हणाले की इमामानं परक्याचा पगार घेऊ नये, त्याच गावात त्यांचं सरकार चर्चमधल्या पाद्र्याला पगार देतं आणि मशिदीतल्या इमामाला सांगतं, तुझं तू बघ. यजमानानं पाहुण्याला शेजाऱ्याकडे जेवू नकोस म्हणून दटावावं आणि स्वतःच्या पंगतीत पान मांडू नये, त्यातला हा प्रकार.

ब्रिटनमध्ये परदेशी सरकारचा प्रश्न तुलनेनं कमी. तिथं मशिदी चालवतात ट्रस्ट, आणि ट्रस्ट म्हणजे पुष्कळदा मीरपूर, सिल्हेट नाहीतर भरूचकडून साठ-सत्तरच्या दशकांत गिरण्यांत कामाला आलेल्यांची पिढी आणि तिची मुलं. इमामाच्या व्हिसासाठी इंग्रजीची अट २००४ मध्येच आली. शिवाय तिथली स्वतःची दारुल उलूमं, म्हणजे मौलवी घडवणारे मोठे मदरसे, आहेत. इंग्लंडमधल्या 'बरी' या गावाजवळचं सगळ्यांत जुनं १९७० च्या दशकातलं, सुरतेकडच्या एका मौलानांनी काढलेलं. म्हणजे इंग्रजी बोलणारा, तिथंच जन्मलेला इमाम ब्रिटनमध्ये आहे. प्रश्न सुटला असं वाटावं.

२०१८ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर मी खालाकडे, म्हणजे मावशीकडे, उत्तर लंडनमध्ये दीड महिना राहिले होते. एका रात्री तिनं त्यांच्या मशिदीचे इमाम जेवायला बोलावले. तिशी-बत्तिशीचा मुलगा, लँकाशायरमध्ये वाढलेला, बोलण्यात उत्तरेकडचा हेल. वाढायला मी होते. त्यानं फोन ताटाशेजारी उलटा ठेवला होता आणि तो दर पाच-सात मिनिटांनी टेबलावर थरथरत होता. पहिला फोन एका मयतीचा: रुग्णालय मृतदेह सोडत नव्हतं, कागद कॉरोनरकडे, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अडकलेला, आणि घरच्यांना दुसऱ्या दिवशी दफन करायचं होतं. दुसरा एका बाईचा. तो उठून व्हरांड्यात गेला आणि बराच वेळ आला नाही. तिसरा कुठल्याशा आईचा, मुलगा शाळेतून घरी आला नव्हता. वरणभात गार झाला. खालानं दोनदा गरम करून आणला. तो म्हणाला, 'सॉरी आंटी', आणि पुन्हा उठला. सकाळची फजर, संध्याकाळी पाच ते सात मक्तबमधली, म्हणजे मशिदीच्या शाळेतली, साठ मुलं, शुक्रवारी खुतबा म्हणजे प्रवचन, मधल्या दुपारी कुरिअरची व्हॅन. व्हॅन का, असं मी विचारल्यावर त्यानं मान वाकडी करून फक्त 'लंडन' म्हटलं. भाडं, अर्थात.

या कॉरोनरच्या भानगडीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण इमामाचं खरं काम त्यातून दिसतं. मुसलमानांत आणि ज्यूंतही मयत लवकरात लवकर दफन करतात. उत्तर लंडनच्या एका कॉरोनरबाईंनी नियम केला, की धर्माच्या कारणावरून कुणालाही रांगेत पुढे घेतलं जाणार नाही. ज्यूंची एक दफनसंस्था कोर्टात गेली आणि एप्रिल २०१८ मध्ये हायकोर्टानं हे धोरण बेकायदा ठरवलं. फायदा मुसलमानांचाही झाला. पण तो निकाल येईपर्यंत रात्री-अपरात्री रडणाऱ्या माणसांना थोपवून धरणारा, फॉर्म भरून देणारा, कार्यालयात फोन लावून शांत स्वरात विनवण्या करणारा माणूस गल्लीतला इमामच होता. त्याच्या मदरशानं त्याला अरबी व्याकरण शिकवलं होतं, हदीस शिकवली होती. हे काही शिकवलं नव्हतं. वकील, समाजसेवक, मानसोपचारतज्ज्ञ आणि अंत्यविधीचा व्यवस्थापक एका पगारात मिळतो म्हटल्यावर ट्रस्टला काय हवं!

जेवणं झाल्यावर मी त्याला निकाहाचं विचारलं. ब्रिटनमध्ये कितीतरी मुस्लिम जोडपी नुसता निकाह करतात आणि सरकारी नोंदणी करतच नाहीत. बऱ्याच मशिदींना नोंदणीचा अधिकारच नाही. याचं पर्यवसान कशात होतं, ते पुढे एका खटल्यात सगळ्यांना दिसलं. १९९८ मध्ये साउथॉलच्या एका रेस्तराँमध्ये इमामानं लावलेला निकाह, दीडशेच्या आसपास पाहुणे, चार मुलं, अठरा वर्षांचा संसार. नवरा-बायको वेगळे झाल्यावर प्रश्न आला, की हे लग्न होतं का? फेब्रुवारी २०२० मध्ये अपील कोर्टानं सांगितलं, कायद्याच्या लेखी नव्हतं. रद्दबातल ठरवावं असंसुद्धा ते लग्न नव्हतं. अशा बाईला घटस्फोटितेचे आर्थिक हक्क मागायला दारच उरत नाही. गृहखात्यानं नेमलेल्या समितीनं २०१८ मध्ये शिफारस केली होती, की निकाहाबरोबर किंवा आधी नोंदणी सक्तीची करा. ती तशीच पडून आहे.

इमामानं एवढं एक केलं तरी पुरे. नोंदणीचा कागद दाखवा, मग निकाह. हजारो बायका रस्त्यावर यायच्या वाचतील. मी त्याला हेच म्हटलं, बहुधा जरा चढ्या आवाजात, कारण खालानं मला डोळ्यांनी दटावलं. तो खाली बघत म्हणाला, पहिल्या मशिदीत मी तीनदा अडून बसलो. चौथ्यांदा नाही. मुलाचा बाप ट्रस्टी होता. मी नाही लावला तर पुढच्या गल्लीतला लावतो, आणि माझं कंत्राट जूनमध्ये संपतं.

किशनगंज आणि लँकाशायर. भाषा वेगळी, पासपोर्ट वेगळा, आणि माणूस तोच. आयत तोंडपाठ असलेला आणि ती कुणासमोर म्हणायची नाही हे शिकलेला.

यावर पटकन सुचणारा उपाय म्हणजे सरकारनं पगार द्यावा. बेल्जियम देतं. १९७४ मध्ये तिथं इस्लामला मान्यता मिळाली आणि मान्यताप्राप्त मशिदींच्या इमामांना सरकारी पगार मिळतो. पण मान्यतेसाठी सुरक्षा यंत्रणेचा अहवाल लागतो, आणि पुष्कळ मशिदी त्या रांगेत उभ्या राहण्यापेक्षा बाहेरच राहतात. सरकारचा हात खिशात गेला की डोळे वहीत जातात. आणि हे डोळे किती कृतघ्न असू शकतात ते न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या शेख रेदा शाता यांच्या बाबतीत दिसलं. ते इजिप्तचे, अल-अझहरमध्ये शिकलेले. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला जेमतेम वर्ष झालं होतं अशा काळात, २००२ मध्ये, बे रिजमधल्या मशिदीत आले. लोकांची लग्नं जुळव, भांडणं मिटव, कर्जावर घर घेणं हलाल की हराम हे सांग, असं सगळं करत त्यांनी पोलिसांशीही संबंध जोडले. महापौरांबरोबर न्याहारी केली, पोलीस आयुक्तांबरोबर जेवले. सहकार्य करणारा आदर्श इमाम म्हणून वर्तमानपत्रांत त्यांच्यावर लिहून आलं. २०११ मध्ये उघड झालं, की त्याच काळात न्यूयॉर्क पोलिसांनी त्यांच्यावर आणि त्यांच्या मशिदीवर गुप्त माणसं सोडली होती. आपल्या माणसांना त्यांनी सांगितलं होतं, पोलिसांवर भरवसा ठेवा. पुढच्या जुम्याला मिंबरवर, म्हणजे प्रवचनाच्या चौथऱ्यावर, उभं राहून त्यांनी कोणत्या तोंडानं बोलायचं?

दुसरी बाजूही मी झाकून ठेवणार नाही. इमाम पूर्ण मोकळा सोडला तर काय होतं, हे उत्तर लंडनच्याच फिन्सबरी पार्कनं पाहिलं आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी अबू हमझा या माणसानं तिथली मशीद जवळपास बळकावली. तिथले विश्वस्त कोर्टात गेले, तक्रारी करत राहिले. २००३ मध्ये पोलिसांनी धाड घातली आणि धर्मादाय आयोगानं त्याला पदावरून काढलं. तेव्हा कमिटीची मगरूरी वाईट म्हणून कमिटीच नको, असं म्हणण्यात अर्थ नाही. त्याच फिन्सबरी पार्कला १९ जून २०१७ च्या रात्री, तरावीहची नमाज आटोपून लोक बाहेर पडत असताना, एकानं गर्दीवर व्हॅन घातली. एक माणूस गेला. चिडलेल्या जमावानं ड्रायव्हरला धरलं तेव्हा जवळच्या मुस्लिम वेल्फेअर हाउसचे तरुण इमाम मोहम्मद महमूद मध्ये पडले आणि पोलीस येईपर्यंत त्यांनी त्याला कुणाला हात लावू दिला नाही. रमजानच्या रात्री, आपल्या माणसाचं रक्त रस्त्यावर सांडलेलं असताना, लोक त्यांचं ऐकतात. हे वजन सरकारी प्रमाणपत्रानं येत नाही आणि मालकाच्या मर्जीवर जगणाऱ्याकडेही ते फार दिवस टिकत नाही.

पगार आणि जीभ यांचा संबंध मला सगळ्यांत स्पष्ट दिसतो तो केपटाउनमध्ये, आणि तिथं आमच्या कोकणाचाही धागा आहे. रत्नागिरी-जंजिऱ्याकडचे कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिकडे जात होते. कोकणातल्या इब्राहिमपट्टणचे सूफी साहेब १८९५ मध्ये डर्बनला पोचले, उमगेनी नदीकाठी मशीद बांधली आणि मग दक्षिण आफ्रिकेत ठिकठिकाणी बांधत गेले. केपटाउनची हबीबिया मशीद त्यांतलीच. त्यांच्यामागे मुरीद, म्हणजे शिष्य, होते, त्यांना कुणाचा डबा नको होता.

पण माझा मुद्दा आहे तो इमाम अब्दुल्ला हारून यांचा. ते केप मलाय समाजातले, म्हणजे डचांनी गुलाम आणि कैदी म्हणून आणलेल्यांच्या वारसांतले. १९५५ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, क्लेअरमाँटच्या अल-जामिआ मशिदीचे इमाम झाले. वर्णभेदाचं राज्य होतं. पोट भरायला ते विल्सन-राउंट्री या चॉकलेट-गोळ्यांच्या कंपनीत विक्रेते होते. या नोकरीनं दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे लँगा, न्यांगा, गुगुलेथु या काळ्यांच्या वस्त्यांत जायचा परवाना. गाडीत गोळ्यांचे डबे आणि खिशात राजकीय कैद्यांच्या घरच्यांसाठी पैसे. तिथली माणसं त्यांना 'म्फुन्दिसी' म्हणायची, पाद्र्यासाठीचा त्यांचा शब्द. आणि दुसरी, म्हणजे मशिदीतल्या श्रीमंतांचा राग त्यांच्या चुलीपर्यंत पोचत नव्हता. म्हणून मिंबरवरून ते वर्णभेदाचे कायदे इस्लामविरोधी आहेत असं बोलू शकले, जेव्हा शहाणी माणसं नमाज-रोज्यापुरतं बोलत होती.

२८ मे १९६९ ला, पैगंबरांच्या जन्मदिवशी, त्यांना पकडलं. चार महिने एकांत कोठडी. २७ सप्टेंबरला ते मेले. पोलिसांनी सांगितलं, जिन्यावरून पडले. अंगभर जखमा होत्या, बरगडी मोडलेली होती. ते पंचेचाळीस वर्षांचे होते. दफनाला हजारोंनी लोक चालत गेले, आणि त्याच रात्री केपमध्ये मोठा भूकंप झाला, जो तिथले म्हातारे अजून योगायोग मानत नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये, चोपन्न वर्षांनी, कोर्टानं मान्य केलं की मृत्यू पोलिसांच्या छळानं झाला. त्यांच्या हयातीत आणि तुरुंगवासात उलेमांच्या मोठ्या संघटनेनं उघडपणे त्यांची बाजू घेतली नाही, ही गोष्ट केपटाउनचे मुसलमान आजही बोलून दाखवतात.

मग सगळ्या इमामांनी गोळ्या विकाव्यात का? नाही. कुरिअरची व्हॅन चालवणाऱ्या त्या मुलाला व्हॅननं स्वातंत्र्य दिलेलं नाही, झोप तेवढी नेली आहे. हारून यांच्यासारखी माणसं शतकात एखादी होतात आणि त्यांच्या भरवशावर व्यवस्था बांधता येत नाही. साधारण वकुबाच्या, घाबरट, पोरंबाळं असलेल्या माणसालाही खरं बोलता यावं, इतपत जमीन त्याच्या पायाखाली हवी. म्हणजे काय, तर लेखी नेमणूक हवी. काढायचं तर कारण लेखी हवं आणि त्यावर दाद मागायची जागा हवी. म्हातारपणाची सोय हवी. राहायची खोली नोकरीबरोबर दुसऱ्या दिवशी सुटणारी नको. हे एका मशिदीला झेपणार नाही. शहरातल्या दहा-वीस मशिदींनी मिळून निधी करावा आणि पगार त्यातून द्यावा, म्हणजे एका ट्रस्टीच्या कपाळावरच्या आठीवर कुणाची चूल अवलंबून राहणार नाही. सरकारला मदत करायची असेल तर त्यानं भाषा, कायदा, समुपदेशन यांच्या शिक्षणावर खर्च करावा आणि खुतब्याच्या कागदापासून लांब राहावं. एवढं झाल्यावर इमामाला खुशाल दम भरा, की नोंदणीशिवाय निकाह लावलास तर खबरदार.

आपल्याकडे हे काही परकं नाही. १३ मे १९९३ ला सर्वोच्च न्यायालयानं इमामांना वक्फ मंडळांकडून मोबदला मिळण्याचा हक्क मान्य केला. त्या निकालावर बाहेरून टीका झाली, होत राहील. पण त्याआधी आणि त्यानंतरही आमच्या गावच्या मौलवीचा पगार सात-आठ माणसांच्या कमिटीनंच ठरवला.

त्या कमिटीत एकही बाई नव्हती. आजही नसते. गावातले बाप्ये आखातात असताना साठ घरं बायकाच चालवत होत्या, डबा त्याच करत होत्या, मनिऑर्डर नाहीतर ड्राफ्ट आला की मौलवीच्या पगारातला आपल्या घरचा वाटा त्याच मोजून देत होत्या. इमाम कुणाचा नोकर, हा प्रश्न नीट विचारला तर आमच्या गावात त्याचं उत्तर बायकांचा, असं यायला हवं होतं. त्यांना कुणी विचारलं नाही. ब्रिटनमध्येही ज्या बाईचा निकाह कागदाशिवाय लागतो ती ट्रस्टच्या बैठकीत नसते. कित्येक मशिदींत तिला नमाजाला जागासुद्धा नसते. ट्रस्टवर चार बायका बसल्या असत्या तर त्या इमामाला चौथ्यांदा माघार घ्यावी लागली असती का, याचा मी बऱ्याचदा विचार करते.

बाबा गेल्यावर काही वर्षांनी एकदा मी आईपाशी किशनगंजच्या मौलवींचा विषय काढला. बाबांनी त्यांना का थांबवलं नाही, असं मला विचारायचं होतं. आई कोळंबी सोलत होती. तिच्या माहेरची वाडी आणि दोन भातखाचरं, मौलवींच्या बयानाच्या दोन वर्षं आधी, हक्कसोडपत्रावर तिच्या दोन्ही भावांच्या नावावर झाली होती. हे मला तोवर ठाऊक नव्हतं. बयान त्या दिवशी भोंग्यावरून स्वयंपाकघरात ऐकू येत होतं, ती म्हणाली. त्या जुम्याला भात करपला होता.

मग तिनं विचारलं, ते शेवटचे निघाले तो वार कोणता होता, तुला आठवतं का? मला आठवत नव्हतं.

'मंगळवार,' ती म्हणाली. 'वाटेत खायला चपात्या दिल्या होत्या. चौदा.'